विद्यार्थ्याचें ताट

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. चरित्रनायक गरीब घरांत जन्मास येतो. रस्त्यावरील दिव्याखालीं बसून अभ्यास करतो. एकुलता एक सदरा रात्रीं धुऊन सकाळीं अंगांत घालतो. परीक्षेसाठीं डोंगर ओलांडून पायीं जातो. आणि शेवटीं परीक्षा उत्तीर्ण होऊन देशाच्या कामास लागतो. मुलांनीं चिकाटी शिकावी म्हणून हीं चरित्रें शाळेंत वाचून दाखवितात. हा उद्देश चांगला आहे, आणि त्या चरित्रांतील गोष्टीही बहुतांशीं खऱ्या आहेत. परंतु एक साधा प्रश्न त्यांत क्वचितच विचारलेला आढळतो. दिव्याखालीं बसून वाचणारा तो मुलगा त्या रात्रीं जेवला कोठें, आणि पुस्तक मिटल्यावर निजला कोठें?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. महाराष्ट्रांतील शिक्षणाच्या इतिहासाचा फार मोठा भाग या एका प्रश्नाभोंवतीं फिरतांना दिसतो. बुद्धि आणि चिकाटी हीं कोण्या एका गांवास किंवा एका जातीस वांटून दिलेलीं नव्हतीं. तीं सर्वत्र होतीं. वांटून दिलेलें होतें तें ताट. ज्यांना तें मिळालें त्यांची चिकाटी चरित्रांत नोंदली गेली. ज्यांना मिळालें नाहीं ते मध्येंच शाळा सोडून गेले, आणि त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

इंग्रजी अमदानींत हा प्रश्न इतका तीव्र कां झाला, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पूर्वींचें साधें शिक्षण बहुधा गांवांतच होई. पंतोजींच्या शाळेंत धुळाक्षरें गिरवून, उजळणी पाठ करून आणि मोडी वाचावयास शिकून वाण्याचा मुलगा दुकानावर बसे व कुळकर्ण्याचा मुलगा दप्तर सांभाळूं लागे. रात्रीं दोघेही आपापल्या घरीं जेवीत. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुढें बऱ्या नोकरीच्या आणि वरच्या शिक्षणाच्या बहुतेक वाटा त्या परीक्षेवरून जाऊं लागल्या. परंतु इंग्रजी शाळा होत्या त्या मोठ्या गांवीं, आणि कॉलेजें मुंबई-पुण्यास. खेड्यांत फार तर मराठी शाळा असे. त्यामुळें कोंकणांतल्या किंवा देशावरच्या मुलास पुढें शिकावयाचें म्हटलें कीं बारा-चौदा वर्षांच्या वयांत घर सोडावें लागे. शाळेची फी ही एक अडचण होती. पण फी महिन्यांतून एकदां द्यावयाची असते, आणि भूक दिवसांतून दोनदां लागते.

या अडचणीवर त्या काळच्या समाजानें काढलेला तोडगा जुनाच होता. त्याचे दोन प्रकार होते: वार आणि माधुकरी. वार लावणें म्हणजे आठवड्याच्या सात वारांसाठीं सात घरें शोधणें. सोमवारीं कोणा वकिलाकडे, मंगळवारीं गांवाकडच्या एखाद्या सोयऱ्याकडे, बुधवारीं सोयऱ्याच्या ओळखीच्या कारकुनाकडे, याप्रमाणें त्या त्या दिवशीं त्या त्या घरीं पंक्तीस बसावयाचें. ज्या वारास घर मिळालें नाहीं तो वार कोरडा जाई. यजमानाची बदली झाली, घरांत सुतक आलें किंवा बाळंतपण निघालें, कीं मुलाचा एक वार बुडाला. मग शाळा सुटल्यावर नवें घर शोधीत हिंडावें लागे. माधुकरीची रीत याहून कष्टाची. सोवळें नेसून, झोळी व भांडें घेऊन, ठरलेल्या घरांच्या दारांत उभें राहावयाचें, भिक्षा मागावयाची आणि जें शिजलेलें अन्न मिळेल तें गोळा करून बिऱ्हाडीं आणून खावयाचें. एका घरचा भात, दुसऱ्या घरची भाकरी आणि तिसऱ्या घरचें वरण एकाच ठिकाणीं येऊन पडे.

या रीतीला नांवें ठेवण्यापूर्वीं तिचा गुण ओळखला पाहिजे. ब्रह्मचाऱ्यानें भिक्षा मागून विद्या करावी असा शास्त्राचा आधार तिच्यामागें होता. त्यामुळें वाढणाऱ्या गृहिणीस तें पुण्य वाटे, आणि मागणाऱ्या मुलासही भिकाऱ्याची लाज वाटूं नये अशी सोय तींत होती. सरकारचा एक पैसाही न लागतां शेंकडों मुलें या रीतीवर शिकलीं. १९०९ सालीं पुण्यास अनाथ विद्यार्थिगृह निघालें तें अशाच निराधार मुलांची कांहीं व्यवस्था लावावी म्हणून. त्या संस्थेनें पुढें छापखाना घातला आणि मुलांना भिक्षेच्या जोडीला हाताचा धंदाही दिला.

परंतु या रीतीचे दोष तितकेच स्पष्ट आहेत. पहिला असा कीं, मुलाचें पोट यजमानाच्या मर्जीवर राही. उशिरां आला तर बोलणीं, लवकर आला तर ओसरीवर ताटकळणें, आणि जेवणाच्या मोबदल्यांत घरांतलीं चार कामें करणें हें ओघानेंच येई. दुसरा दोष याहून फार मोठा. वार व माधुकरी ह्या ज्या घरांतून मिळत त्या घरांत सोवळें-ओवळें होतें. म्हणून ही सारी व्यवस्था मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरतीच होती. कुणब्याच्या मुलास ती बंद होती, महाराच्या मुलास तिच्याजवळ जाण्याचीही सोय नव्हती, आणि मुलगी मग ती कोणत्याही जातीची असो, तिनें परगांवीं वार लावून शिकावें ही कल्पनाच कोणाच्या मनांत येण्यासारखी नव्हती. ज्या समाजानें इतक्या मुलांना ताट दिलें, त्यानेंच त्याहून कितीतरी अधिक मुलांना तें नाकारलें. हें करतांना आपण कांहीं नाकारीत आहों याची त्यास जाणीवही नव्हती.

आतां चरित्रांतील प्रसिद्ध गोष्टींकडे वळावें. धोंडो केशव कर्वे यांची साताऱ्याची वाट सर्वांस ठाऊक आहे. १८७५ सालीं मुरूडचा हा सतरा वर्षांचा मुलगा सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठीं कांहीं सोबत्यांबरोबर सह्याद्रि ओलांडून सुमारें ११० मैल चालत साताऱ्यास गेला. तेथें परीक्षामंडळाच्या प्रमुखांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन त्यानें ती परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. या गोष्टींतून चिकाटीचा धडा सर्व जण घेतात. परंतु तींत दुसराही एक धडा आहे. खेड्यांतील मुलाच्या आड अभ्यासाची कठिनता आली नाहीं. आड आलें तें अंतर, आणि एका अधिकाऱ्याची एक नजर. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. पुढें मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं खाजगी शिकवण्या करून आपला खर्च भागविला आणि १८८४ सालीं गणित घेऊन ते बी. ए. झाले.

त्याच सालीं त्याच कॉलेजांतून आणखी एक तरुण बी. ए. झाला. तो कर्व्यांहून आठ वर्षांनीं लहान होता. तो म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. दोघेही कोंकणचे, दोघेही गरीब, दोघेही कष्टाळू. मग आठ वर्षांचें अंतर कां पडलें? गोखल्यांची बुद्धि असामान्य होती हें एक कारण खरेंच. परंतु दुसरें कारण त्यांचे वडील बंधु गोविंदराव हें होय. १८७९ सालीं वडील वारले तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा होता. अठरा वर्षांच्या गोविंदरावांनीं आपलें शिक्षण सोडलें, दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवूं लागले. राहिलेल्या ७ रुपयांत बाकीच्या कुटुंबाचें चाले. कोल्हापुरास गोपाळ हातानें स्वयंपाक करी. एकदां एका सोबत्यानें त्यास नाटकास नेलें आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. सोबती आपल्या खर्चानें नेत आहे अशी त्याची समजूत होती. ते दोन आणे भरून काढण्यासाठीं त्यानें दिव्याचें तेल वांचविलें आणि रस्त्यावरील दिव्याखालीं अभ्यास केला, असें सांगतात. रस्त्यावरचा तो दिवा चरित्रांत आला. परंतु ज्या ८ रुपयांमुळें तो मुलगा त्या गांवांत राहूं शकला, त्यांची आठवण त्या मानानें थोडी राहिली आहे. गोपाळराव पुढें १९०५ सालीं राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. एका भावानें शिक्षण सोडलें म्हणून दुसऱ्याचें पुरें झालें, हा हिशेब ज्या घरांतून मांडला गेला अशीं घरें महाराष्ट्रांत हजारों होतीं.

गोपाळ गणेश आगरकर यांचीही गोष्ट अशीच आहे. कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं १८५६ सालीं त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी इतकी कीं शाळेच्या वयांतच त्यांना कऱ्हाडच्या कचेरींत कारकुनी करावी लागली. शिकण्यासाठीं गांव सोडून ते अकोल्यास गेले आणि तेथून मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आले. अंगांत घालावयास एकच सदरा. तो रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं वाळला कीं घालावयाचा. परंतु आगरकरांचें खरें मोठेपण त्या सदऱ्यांत नाहीं. तें त्यांनीं आईस लिहिलेल्या पत्रांत आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आतां त्यास मोठ्या पगाराची जागा मिळेल, असे मनोरथ करूं नकोस, असें त्यांनीं आईस आधींच कळविलें. पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामीं घालविण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. ज्या आईनें अनेक वर्षें त्या दिवसाची वाट पाहिली, तिनें तें पत्र ऐकलें असेल तेव्हां तिला काय वाटलें असेल याची कल्पनाच करावी. मुलाचा त्याग इतिहासानें लिहून ठेविला. आईचा त्याग त्या पत्राच्या पाठीमागें कोरा राहिला.

स्त्रियांच्या बाबतींत तर हें ताट मुळापासून मांडावें लागलें. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन काढलें. तेथें दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नांवाची होती. कर्व्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची ती बहीण. तिच्या शिक्षणासाठीं केवळ शाळा पुरेशी नव्हती. घर सोडून राहतां येईल अशी जागा लागत होती, आणि शारदा सदनानें नेमकी तीच दिली. १८९३ सालीं कर्व्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनीं त्यांस वाळींत टाकलें. त्यानंतर १८९६ सालीं त्यांनीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढला आणि १९०० सालीं तो गांवाबाहेर हिंगण्यास एका झोपडींत नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते सायंकाळीं पायीं हिंगण्यास जात. लहानपणीं साताऱ्याची वाट चाललेला मनुष्य या वेळीं स्वतःच्या परीक्षेसाठीं चालत नव्हता. ज्यांना एकही वार मिळणें शक्य नव्हतें अशांच्या दोन वेळच्या जेवणासाठीं आणि अक्षरओळखीसाठीं तो चालत होता.

अस्पृश्य मानलेल्या मुलांची अडचण याहूनही निराळी होती. त्यांच्या बाबतींत ताटापूर्वीं पाण्याचा प्रश्न होता. भीमराव रामजी आंबेडकर साताऱ्याच्या शाळेंत शिकत असतां त्यांस बसावयास घरून गोणपाट न्यावें लागे. तहान लागली तर शिपायानें वरून पाणी घालावें तेव्हां तें प्यावें, आणि शिपाई नसेल त्या दिवशीं तहानलेलेंच राहावें. पुढें मुंबईस परळच्या चाळींत एका खोलींत सारें कुटुंब राहत असे. मुलानें लवकर निजावें आणि सर्व निजलेले असतां रात्रीं दोन वाजतां उठून अभ्यास करावा, अशी तोड वडिलांनीं काढली होती. त्याला उठविण्यासाठीं रामजी सुभेदार स्वतः जागे राहत. मुलास पुस्तक हवें असलें म्हणजे ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने पैसे आणीत, आणि वेळीं त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणून देत. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारसभेस कृष्णराव अर्जुन केळुसकर हजर होते. कॉलेजाचा खर्च चालेनासा झाला तेव्हां केळुसकरांनींच बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनीं दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली. १९१२ सालीं भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ सालीं महाराजांच्याच साहाय्यानें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले.

चिकाटीनें सर्व कांहीं साधतें असें मानणाऱ्यांनीं यापुढील प्रसंग नीट ध्यानांत घ्यावा. १९१७ सालीं कराराप्रमाणें नोकरी करण्यासाठीं आंबेडकर बडोद्यास आले. परदेशांतील मोठ्या विद्यापीठाची विद्या त्यांच्यापाशीं होती, दरबारची नेमणूक होती, स्वतः महाराज अनुकूल होते. परंतु शहरांत राहावयास जागा मिळेना. नाइलाजानें नांव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमांत उतरले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेला जमाव तेथें आला आणि त्यानें त्यांस बाहेर काढलें. कचेरींत शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद टाकीत. ते मुंबईस परत आले. विद्या होती, पदवी होती, नोकरीही होती; पण अंथरूण पसरण्यापुरती जमीन नव्हती. पुढें सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून त्यांनीं पैसे सांठविले, छत्रपति शाहू महाराजांचें साहाय्य घेतलें, एका स्नेह्याकडून कर्ज घेतलें आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनला जाऊन राहिलेला अभ्यास पुरा करून आले. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि दुसऱ्या वर्षीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडलें. त्यामागें बडोद्याचे ते अकरा दिवस असतीलच.

सयाजीराव महाराजांच्या मदतीवरून आणखी एका विद्यार्थ्याची आठवण होते. गोव्यांतील सांखवाळ गांवचे धर्मानंद कोसंबी यांचें शाळेंतील शिक्षण अगदीं बेताचें होतें. बौद्ध धर्माचा मूळ अभ्यास करावा या ध्यासानें १८९९ सालीं घरीं पत्नी व तान्हें मूल ठेवून ते निघाले. पुण्यास येऊन ते डॉक्टर भांडारकरांना भेटले, पुढें काशीस अन्नछत्रांत जेवून त्यांनीं संस्कृत शिकून घेतलें, आणि तेथून नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा प्रवास करीत पाली भाषा व बौद्ध ग्रंथ आत्मसात् केले. मॅट्रिकही न झालेल्या या माणसास सयाजीरावांनीं दरमहा ५० रुपये देऊं केले. अट एवढीच कीं महाराष्ट्रांत राहावें आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावें. कोसंबी १९१० सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत संशोधनास गेले आणि परत आल्यावर फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवूं लागले. काशीच्या अन्नछत्रांतील पंक्तीपासून हार्वर्डपर्यंतची ही वाट त्यांच्या चिकाटीनें चालली गेली यांत संशय नाहीं. परंतु त्या वाटेवर ठिकठिकाणीं कोणीतरी ताट वाढून ठेविलें होतें हेंही तितकेंच खरें. घरीं राहिलेल्या पत्नीनें तीं वर्षें कशीं काढलीं, हें मात्र कोणत्याही शिष्यवृत्तीच्या हिशेबांत लिहिलेलें नाहीं.

एखाद्या राजानें एखादा गुणी विद्यार्थी निवडून त्यास मदत करणें निराळें, आणि सर्व मुलांसाठीं व्यवस्था करणें निराळें. ही दुसरी गोष्ट मोठ्या प्रमाणावर प्रथम घडली ती कोल्हापुरांत. खेड्यांतील मुलें हुशार असूनही शहरांत टिकत नाहींत, याचें कारण त्यांस वार मिळत नाहीं हें शाहू महाराजांनीं ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उघडलें. महाराजांनीं जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्नें लावून दिलीं. कोल्हापुरास विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात तें उगीच नव्हे. जातवार वसतिगृहांनीं भेद वाढतो असा आक्षेप त्यांवर घेण्यांत येतो. तो पोकळ नाहीं. परंतु त्या काळीं परक्या जातीच्या हातचें अन्न मुलानें खावें यास आईबापच तयार नव्हते, आणि आपल्या जातीचें वसतिगृह म्हटल्यावर मात्र ते मुलास निर्धास्त पाठवीत. भिंती मोडण्यासाठीं थांबून राहिलें असतें तर मुलांच्या दोन पिढ्या उपाशीं राहिल्या असत्या.

त्या भिंती मोडण्याचें काम याच कोल्हापुरांत शिकलेल्या एका मुलानें पुढें हातीं घेतलें. कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा कोल्हापुरास एका वसतिगृहांत राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीसाठीं स्नान करण्याचें त्यानें नाकारलें, आणि त्याबद्दल त्यास वसतिगृह सोडावें लागलें. म्हणजे ताटासाठीं अट घातली गेली आणि त्यानें ताट सोडलें. मॅट्रिकची परीक्षा त्याच्या हातून कधींच उत्तीर्ण झाली नाहीं. त्यानें नांगर विकण्याची फिरती नोकरी केली आणि त्या निमित्तानें खेडोंपाडीं हिंडून शेतकऱ्यांच्या मुलांची स्थिति पाहिली. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें त्यानें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास छत्रपति शाहू बोर्डिंग सुरू केलें.

भाऊरावांच्या बोर्डिंगांत दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली ही कीं, तेथें मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशीं सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, आळीपाळीनें स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. दुसरी ही कीं, त्या मुलांनीं शेतांत राबावें, माती वाहावी, विहिरी खणाव्या, आणि त्या श्रमांतून आपल्या जेवणाचा व शिक्षणाचा भार उचलावा. कमवा आणि शिका हें नांव या पद्धतीस मिळालें. वारावर जेवणारा मुलगा कृतज्ञ असे. शिष्यवृत्ति घेणारा मुलगा ऋणी असे. परंतु हातांत कुदळ घेऊन मिळविलेली भाकरी खाणारा मुलगा कोणाकडेही खालीं मान घालून पाहत नसे. ताट तेंच होतें, पण त्याच्याकडे पाहण्याची दृष्टि पालटली. अर्थात् मुलांच्या श्रमानें सर्व भागत नव्हतें. धान्य सरलें म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने काढून देत, आणि अखेरीस मंगळसूत्रही त्यांनीं मुलांच्या जेवणासाठीं दिलें. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं हें बोर्डिंग पाहिलें. त्यानंतर तीन वर्षांनीं लक्ष्मीबाई वारल्या. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तें पाहावयास त्या नव्हत्या. भाऊराव १९५९ सालापर्यंत जगले.

वारापासून बोर्डिंगापर्यंतचा हा प्रवास एकत्र पाहिला म्हणजे एक गोष्ट स्वच्छ दिसते. प्रथम ताट हें पुण्य होतें आणि तें आपल्या जातीपुरतें होतें. मग तें कोणा भावाच्या पगारांतून किंवा बहिणीच्या दागिन्यांतून आलें. मग राजांनीं तें शिष्यवृत्तीच्या रूपानें दिलें. त्यानंतर तें वसतिगृहांत मांडलें गेलें, आणि शेवटीं मुलांनीं तें आपल्या श्रमानें मिळविलें. प्रत्येक पायरीस ताट घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि जितकी ती वाढली तितकीच बुद्धिमान मुलांचीही संख्या वाढली असें लोकांस दिसून आलें. बुद्धि आधींपासून होतीच. ती उपाशीं होती एवढेंच.

आज वार लावून जेवण्याची चाल उरलेली नाहीं. १९५५ सालीं पुण्यास विद्यार्थी सहाय्यक समिति निघाली आणि खेड्यांतील मुलामुलींची सोय करूं लागली. पुणें विद्यापीठांत कमवा व शिका योजना भाऊरावांच्याच नांवानें चालते. ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांपैकीं अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जेवण, राहणें व निर्वाह यांसाठीं रोख रक्कम देणारी स्वाधार योजना महाराष्ट्र सरकारनें २०१६-१७ या वर्षापासून सुरू केली. आणि तिला आंबेडकरांचें नांव देण्यांत आलें. बडोद्यास जागेवांचून परतलेल्या त्या तरुणाचें नांव राहण्याच्या जागेसाठीं पैसे देणाऱ्या योजनेस असावें, हें योग्यच झालें.

तरीही प्रश्न संपलेला नाहीं. पुण्याच्या ज्या पेठांतून एके काळीं माधुकरीच्या झोळ्या फिरत, त्याच पेठांतून आज मराठवाड्यांतून, विदर्भांतून, खानदेशांतून आलेले तरुण-तरुणी स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतात. ते कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेंत जागा धरतात आणि महिन्याच्या हिशेबानें मेसचा डबा लावतात. परीक्षा लांबली किंवा निकाल अडला, कीं घरून येणारे पैसे कमी पडतात, आणि मग दोन वेळचा डबा एक वेळचा होतो. जुन्या काळीं वार बुडत असे. आज डबा बंद होतो. पेठ तीच आहे, वय तेंच आहे, आणि गांवीं वाट पाहणारे आईबापही तसेच आहेत. त्यांतून जे यशस्वी होतील त्यांचे सत्कार होतील, त्यांच्या चिकाटीचीं वर्णनें छापून येतील, आणि तीं खरींही असतील.

परंतु अशा सत्काराच्या वेळीं, यशस्वी तरुणानें अभ्यास किती तास केला हें विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारण्याची रीत पडली तर बरें होईल. डबा कोणाच्या घरून येत होता, आणि त्यासाठीं घरांतील कोणीं आपली शाळा सोडली? गोविंदराव गोखल्यांची, आगरकरांच्या आईची, रामजी सुभेदारांच्या मुलींची आणि लक्ष्मीबाई पाटलांची आठवण त्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. आणि जीं मुलें सत्कारापर्यंत पोंचलींच नाहींत, त्यांच्यांत काय कमी होतें याचा निर्णय करण्यापूर्वीं त्यांच्या ताटांत काय होतें तें पाहणें, एवढें तरी शिकलेल्या घरांकडून व्हावें.